ज्येष्ठ नागरिकांचे हिवाळी समुद्रपर्यटन

ज्येष्ठ नागरिकांचे हिवाळी समुद्रपर्यटन म्हणजे साठी ओलांडलेल्या व्यक्तींनी थंडीच्या महिन्यांत जलमार्गाने उबदार हवामानाच्या बेटांना दिलेली भेट होय. उत्तर अमेरिका व युरोपात हा प्रघात चांगलाच रुळलेला आहे. महाराष्ट्रातील प्रवाशांच्या संदर्भात तो मुख्यतः लक्षद्वीप आणि अंदमान या दोन द्वीपसमूहांशी निगडित आहे. दौंड आणि शिरूर यांसारख्या किनाऱ्यापासून दूरच्या तालुक्यांतील प्रवाशांसाठी या सहलीचा आरंभ रेल्वेने किंवा रस्त्याने होतो, तर शेवटचा टप्पा अनेकदा लहान होडीतून पार करावा लागतो. अशा प्रवासात वयाच्या आकड्यापेक्षा तोल सांभाळून चढण्या-उतरण्याची क्षमता आणि मोठ्या रुग्णालयापासूनचे अंतर या दोन बाबी अधिक निर्णायक ठरतात.

स्वरूप

भारतात आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ नुसार ६० वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक मानली जाते. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातील अनेक निवृत्त लोक बर्फवृष्टी टाळण्यासाठी दरवर्षी दक्षिणेकडे जातात. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवरून त्यांना ‘स्नोबर्ड्स’ असे म्हटले जाते. कॅरिबियन समुद्रातील पर्यटन जहाजांचा मुख्य हंगाम याच काळात येतो.

महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंश सेल्सियसच्या आसपास उतरत असले, तरी दिवस उबदार असतात. त्यामुळे थंडीपासून सुटका हा येथील प्रवाशांचा मुख्य हेतू नसतो. निवृत्तीनंतर मिळालेला मोकळा वेळ, समुद्राचे आकर्षण आणि अंदमानच्या बाबतीत सेल्युलर जेल पाहण्याची इच्छा ही कारणे अधिक प्रबळ असतात. हिवाळा निवडला जातो तो प्रामुख्याने समुद्र त्या काळात शांत असतो म्हणून.

समुद्रप्रवास दोन प्रकारांनी होतो. पहिल्या प्रकारात क्रूझ, म्हणजे निवास, भोजन व करमणुकीची सोय असलेले पर्यटन जहाज वापरले जाते. दुसऱ्या प्रकारात बेटे आणि मुख्य भूमी यांना जोडणाऱ्या नियमित प्रवासी जहाजांतून प्रवास केला जातो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठी समाजात उतारवयातील प्रवास म्हणजे प्रामुख्याने तीर्थयात्रा असे समीकरण दीर्घकाळ होते. काशी, रामेश्वर, पंढरपूर ही त्याची ठिकाणे होती. समुद्र ओलांडण्यास धर्मशास्त्राचा आधार देऊन विरोध केला जात असे. या निर्बंधास सिंधुबंदी असे नाव आहे. विनायक दामोदर सावरकर यांनी हिंदू समाजाच्या पायातील ज्या सात स्वदेशी बेड्या सांगितल्या, त्यांत सिंधुबंदीचा समावेश होता.

अंदमानमध्ये १८५८ साली ब्रिटिशांनी दंडवसाहत स्थापन केली आणि ‘काळे पाणी’ हा शब्द जन्मठेपेच्या शिक्षेशी जोडला गेला. सावरकरांना जुलै १९११ मध्ये ‘महाराजा’ या जहाजातून तेथे नेण्यात आले. त्यांचे ज्येष्ठ बंधू गणेश ऊर्फ बाबाराव सावरकर हेही तेथेच शिक्षा भोगत होते. दोघांना १९२१ मध्ये भारताच्या मुख्य भूमीवर परत आणण्यात आले. ज्या प्रवासाची एके काळी दहशत होती, तोच प्रवास आज अनेक मराठी ज्येष्ठ स्वेच्छेने करतात.

मुंबई ते कोकण व गोवा या मार्गावरील आगबोटी हा मराठी माणसाच्या सागरी प्रवासाचा दुसरा धागा आहे. पावसाळ्यात खुल्या समुद्रातील ही वाहतूक बंद ठेवली जाई. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढे रस्ते व रेल्वे वाढल्यावर कोकणातील बोटसेवा बंद पडली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे पर्यटन जहाज सुरू झाले. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीच्या ‘एम्प्रेस’ या जहाजाच्या मुंबईहून गोवा, कोची व लक्षद्वीपकडे सफरी सुरू झाल्या. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले, तर मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले.

हवामान आणि हंगाम

जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्र खवळलेला असतो. कोकणातील कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मासेमारीचा नवा हंगाम सुरू करतो, त्यामागे हेच कारण आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात व अरबी समुद्रात चक्रीवादळांचा दुसरा हंगाम असतो आणि त्याचा परिणाम डिसेंबरपर्यंत जाणवू शकतो. जानेवारी ते मार्चचा आरंभ हा काळ दोन्ही द्वीपसमूहांसाठी तुलनेने सर्वांत स्थिर समजला जातो.

हिवाळ्याचा आरंभ पूर्णतः निर्धोक नसतो. डिसेंबर २०१७ च्या आरंभी ‘ओखी’ चक्रीवादळाने लक्षद्वीपमधील मिनिकॉय व कल्पेनी या बेटांना तडाखा दिला. डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवामानामुळे अंदमानातील हॅवलॉक (२०१८ पासून स्वराज द्वीप) व नील (शहीद द्वीप) या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले होते. परतीच्या तारखेनंतरही पुरतील इतकी औषधे जवळ ठेवण्याचा सल्ला यामुळेच दिला जातो.

दौंड व शिरूर येथून जाणारे मार्ग

भीमा नदीच्या काठी वसलेले दौंड हे मुंबई–चेन्नई लोहमार्गावरील महत्त्वाचे स्थानक आहे. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाल्यावर ते जंक्शन बनले. येथून मुंबईचे अंतर रेल्वेने सुमारे २७० किलोमीटर आहे. घोड नदीकाठच्या शिरूर शहरात रेल्वे नसल्याने तेथील प्रवाशांना रस्त्याने पुणे किंवा दौंड गाठावे लागते.

मुंबईहून क्रूझ पकडणे हा या भागासाठी जवळचा पर्याय आहे. अंदमानच्या जहाजासाठी चेन्नई, तर लक्षद्वीपच्या प्रवासी जहाजांसाठी कोची येथे जावे लागते. पुणे–कन्याकुमारी एक्सप्रेस दौंडमार्गे केरळात जाते, मात्र कोचीपर्यंतच्या या प्रवासास एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. इतका वेळ बसून राहिल्यास पायांतील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून ज्येष्ठ प्रवाशांना मधूनमधून उठून चालण्यास व पुरेसे पाणी पिण्यास सांगितले जाते. बंदराच्या शहरात जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी पोहोचल्यास विश्रांती मिळते आणि गाडीला उशीर झाल्यास जहाज चुकत नाही.

या तालुक्यांत हिवाळा हा उसाच्या गाळपाचा व रब्बी पिकांचा हंगाम असतो. त्यामुळे शेतकरी कुटुंबातील ज्येष्ठांपेक्षा रेल्वे, पोलीस, शिक्षण अशा सेवांतील निवृत्तांना या काळात घराबाहेर पडणे सोपे जाते. निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला सादर करावा लागतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या योजनेद्वारे तो डिजिटल पद्धतीनेही देता येतो.

लक्षद्वीप

लक्षद्वीप हा केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० ते ४४० किलोमीटर अंतरावरील ३६ बेटांचा समूह असून त्यांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. एकूण क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३ आहे. १९६७ च्या नियमांनुसार बेटांबाहेरील भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना आवश्यक असतो.

लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेची ‘समुद्रम’ ही सहल कवरत्ती, कल्पेनी व मिनिकॉय या बेटांना भेट देते. प्रवासी दिवस बेटावर आणि रात्र जहाजावर घालवतात. कोचीहून एखाद्या बेटावर पोहोचण्यास साधारण १४ ते २० तास लागतात.

ही बेटे प्रवाळांची बनलेली आहेत. त्यांच्याभोवती प्रवाळकड्याने वेढलेले उथळ पाणी, म्हणजे लगून असते. मोठे जहाज त्यात शिरू शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना जहाजाच्या बाजूच्या दारातून वरखाली होणाऱ्या होडीत उतरावे लागते. खलाशी हात देतात, तरी पाऊल टाकण्याचा क्षण प्रवाशालाच साधावा लागतो. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या, तोल जाणाऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीवर अवलंबून असलेल्या व्यक्तींसाठी संपूर्ण प्रवासातील हाच सर्वांत अवघड भाग असतो.

अंदमान

चेन्नईपासून अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअर (सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम) समुद्रमार्गे सुमारे १,२०० किलोमीटर दूर आहे. जहाजाला साधारण अडीच ते तीन दिवस लागतात. विमानाने हेच अंतर काही तासांत कापता येत असल्याने महाराष्ट्रातील बहुतेक सहली विमानानेच जातात आणि समुद्रप्रवास बेटाबेटांमधील फेऱ्यांपुरता उरतो. मात्र येथे जहाजे व फेरीबोटी धक्क्याला लागत असल्याने चढउतार लक्षद्वीपच्या तुलनेत सोपी असते.

सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले. मध्यवर्ती मनोऱ्यापासून निघणाऱ्या मूळच्या सात इमारतींपैकी तीन शिल्लक आहेत. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी हे कारागृह राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर असल्याने तेथे जाण्यासाठी जिने चढावे लागतात. कारागृहाच्या मूळ आवारातच गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभे आहे.

आरोग्यविषयक बाबी

बोट लागणे, म्हणजे जहाजाच्या हेलकाव्यांमुळे मळमळ व उलटी होणे, हा त्रास वाढत्या वयानुसार साधारणतः कमी होत जातो. अंतर्कर्णाला जाणवणारी हालचाल आणि डोळ्यांना दिसणारे दृश्य यांत मेळ न बसल्याने तो होतो. जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. या त्रासावरील काही गोळ्यांमुळे ज्येष्ठांना गुंगी, संभ्रम किंवा लघवी अडकणे असे परिणाम होऊ शकतात. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा विकार असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारूनच घेणे आवश्यक असते.

बंदिस्त जागेत अनेक जण एकत्र राहत असल्याने जहाजावर संसर्ग वेगाने पसरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमधील योकोहामा बंदरात विलग ठेवलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावरील ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना कोविड-१९ ची लागण झाली आणि मृतांमध्ये वृद्धांचा भरणा होता. जुलाब-उलट्यांना कारणीभूत ठरणाऱ्या नोरोव्हायरसवर हात निर्जंतुक करण्याच्या द्रावापेक्षा साबण व पाण्याने हात धुणे अधिक परिणामकारक असते.

मोठ्या क्रूझवर डॉक्टर व प्राथमिक उपचारांची सोय असते, परंतु हृदयविकार किंवा पक्षाघात यांसारख्या आजारात रुग्णाला किनाऱ्यावर हलवावे लागते. लक्षद्वीपमधून गंभीर रुग्णांना हेलिकॉप्टरने कोचीला नेले जाते आणि ही सेवा हवामानावर अवलंबून असते. नियमित औषधे सामानात न ठेवता हातातील पिशवीत ठेवणे, आजारांची व औषधांची लेखी नोंद बाळगणे आणि प्रवास विम्यात आधीपासूनचे आजार समाविष्ट आहेत का हे तपासणे, या खबरदाऱ्या त्यामुळे महत्त्वाच्या ठरतात.

खर्च व सवलती

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या बसमध्ये ६५ ते ७५ वर्षांच्या प्रवाशांना अर्धे तिकीट आकारले जाते आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास आहे. रेल्वेत ज्येष्ठ पुरुषांना ४० टक्के व महिलांना ५० टक्के सवलत मिळत असे. ती मार्च २०२० मध्ये स्थगित करण्यात आली. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना तीर्थस्थळांसाठी आहे. समुद्रपर्यटनाचा खर्च प्रवाशाला स्वतःच करावा लागतो.

बेटांवरील समाजावर होणारा परिणाम

लक्षद्वीपमध्ये गोड्या पाण्याचा साठा अत्यल्प आहे. कवरत्ती येथे २००५ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभारण्यात आला. सागराचे तापमान वाढल्याने तेथील प्रवाळांचे १९९८, २०१० व २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले. प्रवाळ मेल्यास लाटांपासून बेटांचे होणारे संरक्षणही कमी होते.

कोची आणि बेटांदरम्यानची जहाजे स्थानिक लोकांच्या दळणवळणाचे मुख्य साधन आहेत. विशेष उपचारांसाठी कोचीला जाणारे बेटांवरील वृद्ध याच जहाजांतून प्रवास करतात. जहाजे दुरुस्तीसाठी बंद असताना तिकिटे मिळत नसल्याच्या तक्रारी रहिवाशांनी वेळोवेळी केल्या आहेत. पर्यटकाच्या दृष्टीने जी हिवाळी सहल असते, तोच मार्ग बेटावरील ज्येष्ठांसाठी दवाखान्याचा रस्ता असतो. पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवण्याच्या मागणीस पर्यावरणाइतकाच हाही आधार आहे.