विमानातील शेजार आणि मौनाचा हक्क

आगगाडीच्या डब्यात समोरासमोरच्या बाकांवर बसून, शिदोरी सोडता सोडता, परस्परांचे गाव, नोकरी आणि मुलाबाळांची लग्ने यांची साद्यंत चौकशी करण्याचा जो दस्तूर आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या चालत आला, तो विमानात मात्र रुजत नाही; आणि त्याचे खापर विमानाने हिंडणाऱ्यांच्या शिष्टपणावर फोडणे अन्यायाचे आहे.

कारण खरा फरक माणसांत नसून बैठकीच्या रचनेत आहे. गाडीत संभाषणाचा कंटाळा आला तर दारात जाऊन उभे राहता येते, एखाद्या स्थानकावर चहाच्या निमित्ताने उतरता येते. विमानात अशी कोणतीच मुभा नाही. तेथे सर्वांची तोंडे एकाच दिशेला असल्यामुळे बोलायचे तर मान वळवावी लागते, इंजिनांच्या अखंड घोषामुळे आवाज चढवावा लागतो, आणि तिसऱ्या आसनावरच्या निरुपायी माणसालाही ते सारे ऐकावे लागते. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माणसामाणसांमधील अंतरांची जी मीमांसा केली आहे, तिच्यात सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आतला परिसर हा केवळ जिवलगांसाठी राखलेला असतो, असे म्हटले आहे. आणि साध्या वर्गातील आसनाची रुंदीच मुळी ४३ ते ४६ सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे जेथे एरवी आपण पोटच्या लेकरालाच येऊ देऊ, तेथे एक सर्वस्वी अपरिचित गृहस्थ तासन्‌तास बसलेला असतो. देहाचे अंतर अशा रीतीने हिरावले गेल्यावर शेजाऱ्याला मनाचे अंतर तरी राखू देणे, हे मी सौजन्याचेच एक रूप मानतो. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली हेच निराळ्या अंगाने मांडले: अपरिचिताच्या अस्तित्वाची क्षणभर नजरेने दखल घ्यावी आणि मग नजर काढून घ्यावी, यात तुच्छता नसून आदर असतो.

याच्या विरुद्ध बाजूलाही पुरावा आहे आणि तो दडवणे उचित नव्हे. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या परिसरातील आगगाड्यांत व बसगाड्यांत केलेले प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत असे आढळले, की परक्याशी बोलणे त्रासाचे होईल अशी लोकांची अपेक्षा असते, परंतु प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास अधिक सुखाचा होतो. हे मला मान्य आहे. तथापि, नित्याच्या फेरीत स्थानक आले की संभाषण आपोआप संपते. मुंबईहून न्यूअर्कला निघालेल्या, पंधरा तासांहून अधिक चालणाऱ्या उड्डाणात ते कोण संपवणार? शिवाय जो पुन्हा भेटण्याचा संभव नाही, त्याच्यापाशी मन मोकळे करणे सोपे जाते, आणि एकाने अंतरंग उघडले की दुसऱ्यावर तसेच करण्याची नैतिक जबरदस्ती होते. झिक रुबिन यांनी बोस्टनच्या विमानतळावरील प्रवाशांवर केलेल्या १९७५ च्या अभ्यासात हा परतफेडीचा न्याय स्पष्ट दिसतो.

म्हणून नकार द्यायचा तो आरंभीच आणि गोडीने द्यावा. आसनावर बसताना शेजाऱ्याकडे पाहून हसावे, त्याची बॅग वर ठेवायला हात लावावा, आणि मग पुस्तक उघडावे. प्रश्न आलाच तर उत्तर पुरते द्यावे, पण उलट प्रश्न विचारू नये. कारण उलट प्रश्न हीच संभाषणाला दिलेली मुदतवाढ असते. तेवढ्यानेही न भागल्यास, "काका, रात्री झोप झाली नाही, जरा डोळे मिटतो," असे सरळ सांगावे. मात्र ते खरे असावे. झोपेचे सोंग मला नापसंत आहे, कारण त्यात शेजाऱ्याची फसवणूक होते आणि आपले वाचनही बुडते. हेडफोन हे त्याहून प्रामाणिक साधन होय. अमर बोस यांना १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना, इंजिनांच्या आवाजात संगीत धड ऐकू येईना, तेव्हा त्या आवाजाला उलट ध्वनिलहरींनी छेद देण्याची कल्पना सुचली. २००० सालापासून सामान्य प्रवाशांच्या कानांवर आलेले ते यंत्र आता 'मला एकांत हवा आहे' असे न बोलता कळवण्याच्याही कामी येते.

परंतु मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला प्रथमच निघालेल्या आजी शेजारी असतील, पट्टा कसा लावायचा, दिवा कोठून लागतो, मध्ये विमान बदलायचे ते कोणत्या दारातून, या विवंचनेत त्या असतील, तर कानांवर हेडफोन चढवून बसणे मी अक्षम्य मानतो. त्यांचे प्रश्न म्हणजे वेळ घालवण्याच्या गप्पा नव्हेत. तेथे पुस्तक मिटावे, "आजी, मी दाखवतो," म्हणावे, आणि त्यांची पुरती खातरजमा होईपर्यंत बोलत राहावे.

ज्यांना दोन शब्द बोलण्याची खरोखरच इच्छा आहे, त्यांच्यासाठी सर्वांत सोयीची वेळ म्हणजे विमान खाली उतरू लागते तेव्हाची, आसनांच्या पाठी सरळ करण्याची सूचना होते त्या सुमाराची: कोठे उतरणार, कोण न्यायला येणार, एवढे विचारायला ती अर्ध्या तासाची मुदत पुरेशी असते, आणि ती वाढवण्याचा अधिकार दोघांपैकी कोणालाच नसतो.