मनगटाने दिलेली वर्दी

गेल्या पावसाळ्यात नेरूळच्या एक बाई दवाखान्यात आल्या. वय ५२. बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाय घसरला, सावरायला हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. सहा आठवड्यांनी ते काढताना म्हणाल्या, "चला, सुटले एकदाची!"

खरं सांगायचं तर पूर्वी मीही पेशंटला तिथेच सोडत असे. हाड जुळलं, काम संपलं. पण चालता चालता पडून चांगलं हाड सहसा मोडत नाही. पन्नाशीतल्या बाईचं मनगट असं मोडलं, तर हाडं ठिसूळ झाली आहेत का हे पाहायलाच हवं. आज मनगट, उद्या पाठीचा मणका, आणि सत्तरीत खुबा. खुबा मोडलेली म्हातारी माणसं पुष्कळदा पूर्वीसारखी चालूच शकत नाहीत.

म्हणून विचारलं, "पाळी कधी गेली?"

"पिशवीच काढलीय की हो डॉक्टर, चाळिसाव्या वर्षी. अंगावरून फार जायचं."

"बीजांडकोशही काढले का?"

ते त्यांना ठाऊक नव्हतं. जुनी फाईल आणायला लावली. दोन्ही काढलेले होते.

गोम इथेच आहे. हाड म्हणजे निर्जीव दांडकं नव्हे. आपल्या रस्त्यांसारखं त्याचंही काम बारा महिने चालू असतं. काही पेशी खोदतात, काही भरतात. खोदणाऱ्यांना आवरून धरतं ते इस्ट्रोजेन हे संप्रेरक, आणि ते मुख्यतः बीजांडकोशात तयार होतं. पाळी गेली की ते आटतं. खोदकाम वाढतं, भरणी मागे पडते (रस्त्यांबाबत वेगळं सांगायला नको). पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही जणींच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटते, आणि या काळात दुखत काहीच नाही. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते. या बाईंची झीज चाळिशीतच सुरू झाली होती.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं. त्यांत अगदी तरुण बायकाही होत्या. कधी पिशवी काढावीच लागते, हे मान्य. पण "बीजांडकोश ठेवणार की काढणार, आणि का?" हे ऑपरेशनपूर्वी विचारून घ्या.

बाईंची डेक्सा तपासणी केली. यंत्राखाली दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, बस्स. उणे २.५ किंवा त्याखाली आकडा आला की हाडं ठिसूळ समजायची. त्यांचा उणे २.८ होता. शिबिरात टाचेला यंत्र लावून देतात त्या आकड्यावर मात्र निदान करू नये.

पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत ते साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, कपभर दुधात अडीचशेच्या आसपास. तीळ आहेत, काट्यासकट खायची बारीक मासळी आहे. पण ते अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व हवं, आणि बंद गॅलरीच्या काचेतून आलेल्या उन्हाने ते तयार होत नाही. सकाळचं कोवळं ऊनही फारसं कामाचं नाही. दहानंतरचं थोडा वेळ हातापायांवर घ्यावं. 'ड'ची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी ठरावीक दिवसच घ्यायची असते. शेजारणीचं पाहून वर्षभर घेणाऱ्या भेटतात! त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो.

आकडा इतका खाली असेल तर आहाराने भागत नाही, औषध लागतं. बाईंना आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर; त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. शिवाय रोजचं चालणं, आणि बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडा.

सगळं ऐकून घेऊन त्या दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या.

"डॉक्टर, आईला पोक आलंय. मांडणीवरच्या डब्याला पूर्वी तिचा हात पोचायचा, आता नाही पोचत. ते वयामुळेच ना?"

"मणके खचले असतील," मी म्हटलं. "येत्या सोमवारी त्यांना घेऊन या."