विमानाचा रंग कुणासाठी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या महाड-पोलादपूरच्या डोंगरांत श्रावण-भाद्रपदात नजर जाईल तिथं हिरवं असतं. दिवाळी सरली की तेच गवत पिवळं पडतं आणि उन्हाळ्यात वणवा फिरला की उतार काळे होतात. याच माळावर टिटवी उघड्यावर अंडी घालते. घरटं म्हणावं असं काही नसतंच. खडे असतात आणि त्यांत खड्यांसारखीच ठिपक्यांची अंडी. गुराखी हातभर अंतरावरून जातो, तरी त्याला ती दिसत नाहीत. तीच अंडी हिरवळीवर ठेवली तर लांबूनही दिसतील. म्हणजे नुसता रंग काही लपवत नाही. भोवतालाशी त्याचं जुळणं लपवतं. युद्धातल्या विमानांचे रंग समजून घ्यायचे असतील तर एवढी गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी.

घरटी जवान देणारं फौजी आंबवडे आपल्याच तालुक्यातलं. त्यामुळे सैनिकाचा ठिपक्याठिपक्यांचा गणवेश आपल्याला नवा नाही. पण जवान झुडपाआड थांबू शकतो, विमानाला थांबता येत नाही. शिवाय त्याला पाहणारे दोन प्रकारचे असतात. वरून घिरट्या घालणारं शत्रूचं विमान त्याला जमिनीच्या पार्श्वभूमीवर पाहतं, तर खालचा तोफची त्याला आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहतो. म्हणून एकाच विमानाला दोन वेश चढवावे लागतात. पाठीवर मातीचे आणि झाडीचे रंग, पोटाखाली फिकट निळा. आपल्या नदीतल्या माशाची पाठ काळसर आणि पोट पांढरट असतं, त्यामागचं कारणही हेच.

ही गरज सर्वांत जास्त भासते ती जमिनीवर हल्ला करणाऱ्या विमानांना. ती उंचावरून जात नाहीत. रणगाडे, पूल, आगगाड्या यांच्यावर झेप घ्यायला त्यांना अगदी खाली यावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाचं इल्यूशिन-२ हे असं विमान होतं. छत्तीस हजारांहून अधिक इल्यूशिन-२ विमानं तयार झाली. १९४१ साली त्यांच्या पाठीवर हिरव्या आणि काळ्या रंगाचे मोठे नागमोडी पट्टे असत. नागमोडी अशासाठी, की आपला डोळा आधी वस्तूची कड शोधतो. पंखाची सरळ रेघ तुटली की ते विमान आहे हे कळायला क्षणभर जास्त लागतो. १९४३ पासून हिरवा, फिकट तपकिरी आणि गडद राखाडी असे तीन रंग आले. त्या विमानाच्या पहिल्या आवृत्तीत मागं पाहणारा तोफची नव्हता आणि जर्मन विमानं मागून, वरून झडप घालत. पाठीचा रंग हा वैमानिकाच्या जिवाचा प्रश्न होता.

हिवाळ्यात बर्फ पडलं की हिरवं विमान पांढऱ्या शेतात उठून दिसे. मग त्यावर धुऊन काढता येईल असा पांढरा रंग चढवीत. हा रंग खरखरीत होता. त्याला हवेचा विरोध वाढून विमानाचा वेग घटत असे. दिसू नये म्हणून रंग लावावा तर वेग जातो, वेग राखावा तर विमान दिसतं. प्रत्येक रंगामागं असा सौदा असतो.

आता आपल्याकडे येऊ. १९६५ च्या युद्धात ६ सप्टेंबरला पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोटच्या तळावर हल्ला केला. उघड्यावर उभी असलेली आपली विमानं जळाली, त्यांत दोन नवीकोरी मिग-२१ होती. त्यानंतर तळांवर विमानांसाठी भक्कम आडोसे बांधले गेले. १९६८ पासून सोव्हिएत रशियाकडून सुखोई-७ ही जमिनीवर हल्ला करणारी विमानं येऊ लागली. ती आली तेव्हा रंगाशिवाय, उघड्या धातूची, चकचकीत होती. शांततेच्या काळात ते चालतं. युद्धात मात्र उन्हाची एक तिरीप पुरते. १९७१ मध्ये युद्धाचे ढग जमले तेव्हा या विमानांना घाईघाईनं हिरवे-तपकिरी रंग फासले गेले. बरंचसं काम स्क्वाड्रनच्या पातळीवर झालं, त्यामुळे सगळीकडचा नमुना एकसारखा नव्हता. त्याच डिसेंबरात मुंबईकर खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवत होते आणि आग्र्याला चांदण्यात चमकणारा ताजमहाल झाकला गेला होता.

या रंगानं वैमानिकाला मिळतं काय? साधा हिशेब करू. ताशी नऊशे किलोमीटरनं जाणारं विमान सेकंदाला अडीचशे मीटर कापतं. खालच्या तोफचीला ते दोन सेकंद उशिरा दिसलं, तर विमान अर्धा किलोमीटर पुढं गेलेलं असतं. रंगाची कमाई एवढीच. तीही पहिल्या फेरीपुरती. तोफची सावध झाले की दुसऱ्या फेरीत इंजिनाचा आवाज, जमिनीवरून धावणारी सावली आणि काचेची चमक यांतून विमान उघडं पडतं. त्या युद्धात सुखोई-७ च्या सहा स्क्वाड्रननी सुमारे दीड हजार उड्डाणं केली आणि चौदा विमानं गमावली. बहुतेकांचा घास घेतला तो जमिनीवरच्या तोफांनी.

त्या चौदांतलं एक फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर या मराठी वैमानिकाचं. आदमपूरच्या २६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून ते लढत होते. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचं विमान पडलं आणि ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये मल्विंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह ते रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले. अंगावर पठाणी वेश होता. पेशावर ओलांडून अफगाण सरहद्दीजवळच्या लंडी कोतलपर्यंत हा वेश निभावला. तिथं त्यांनी लंडी खाना या रेल्वे स्थानकाची चौकशी केली. नकाशावर ते होतं, पण ब्रिटिश काळातच बंद पडलेलं. तिथल्या माणसांना ही गोष्ट ठाऊक होती. तहसीलदाराच्या कारकुनाला संशय आला आणि तिघेही पकडले गेले. सरहद्द अवघ्या काही मैलांवर राहिली होती. त्या वर्षाअखेरीस इतर कैद्यांबरोबर ते मायदेशी परतले. पुढे पुण्यात स्थायिक झालेले परुळकर २०२५ मध्ये निवर्तले. विमानाच्या बाबतीत जे खरं, तेच इथं माणसाच्या बाबतीत खरं ठरलं. बाह्य वेश जुळला होता, एका प्रश्नानं घात केला.

सुखोई-७ नंतर आलेली मिग-२७ विमानं आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बांधली गेली. २७ डिसेंबर २०१९ ला जोधपूरहून त्यांनी शेवटचं उड्डाण केलं. दरम्यान रडार आणि उष्णता हुंगणारी क्षेपणास्त्रं आली. त्यांना हिरवं-तपकिरी कळत नाही. लांबून, उंचावरून मारा करता येऊ लागला, तशी अनेक लढाऊ विमानं आकाशात मिसळणाऱ्या राखाडी रंगाची झाली. पाहणारा बदलला, म्हणून रंग बदलला.

तेव्हा एखाद्या संग्रहालयात जुनं लढाऊ विमान दिसलं, तर नुसता रंग पाहून पुढं जाऊ नका. हे कोणत्या जमिनीवरून उडत असेल, कोणत्या ऋतूत, आणि याला कोण, कुठून पाहत असेल, असं स्वतःला विचारा. त्या पट्ट्यांत उत्तर सापडेल. कुणीतरी ब्रश हाती घेऊन एका अनोळखी वैमानिकासाठी दोन सेकंद मिळवायचा प्रयत्न केला होता. ते कधी पुरले, कधी नाही.