२७० कोटींतली ११ अक्षरे

तांबड्या रक्तपेशी सोडल्या, तर बैलाच्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनएचे दोन संच असतात. एक आईचा, एक बापाचा. एका संचात सुमारे २७० कोटी अक्षरे. मुळाक्षरे मात्र चारच: ए, टी, जी आणि सी. सेकंदाला एक अक्षर या गतीने, न जेवता न झोपता, कुणी आईचा संच वाचायला घेतला तर ८५ वर्षे उलटून जातील. बापाचा संच त्यानंतर.

एका पेशीतला हा सगळा धागा सरळ केला तर १.८ मीटरच्या आसपास भरतो. सूर्य १५ कोटी किलोमीटर लांब. हिशेब केला तर ८,३०० कोटी पेशींचा धागा तिथवर पोचतो, आणि बैलाच्या अंगात पेशी त्याच्या कितीतरी पट. पोळ्याला बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढे इथे झूल पांघरून, शिंगांना बेगड लावून उभा असलेला बैल सूर्याच्या अनेक खेपा होतील एवढा धागा अंगात बाळगून असतो.

त्या बैलाकडून मोताळा तालुक्यातल्या शेतकऱ्याला हवी असते ओढ. चिकट काळ्या रानात वखर, पेरणी, डवरणी, आणि मग कापसाची गाडी. मांसाचा प्रश्नच नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६च्या कायद्याने मनाई आहे, बैल आणि वळूंच्या कत्तलीला २०१५पासून. पण याच वशिंडवाल्या कुळातली काही जनावरे समुद्रापार गेली, तिथे ताटात आली, आणि त्यांचे मांस मऊ का नाही हे शोधताना या २७० कोटी अक्षरांतही शोध घेतला गेला. आपल्या बैलाची कुंडली परक्यांनी मांडली ती अशी, खाटीकखान्याच्या वाटेने.

आधी वासरांचा हिशेब. बैलाला गुणसूत्रांच्या ३० जोड्या. प्रत्येक जोडीतले एक पुढे जाते, दुसरे राहते. म्हणजे एक वळू २ चा ३० वा घात इतक्या, १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ तऱ्हांनी आपली गुणसूत्रे वाटू शकतो. गाईच्याही तेवढ्याच तऱ्हा. दोन्हींचा गुणाकार साडेअकरा परार्धांच्या घरात जातो. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेली संख्यास्थानांची यादी परार्धावर संपते. एका गाईची आणि एका वळूची पोरे मोजायलाच त्या यादीची शेवटची पायरी लागते. दर सेकंदाला या जोडीचे एक वासरू, आणि प्रत्येक वेगळे, असे धरले तर सगळे प्रकार जन्माला यायला सुमारे ३,६५० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे. शिवाय गुणसूत्रे पुढे जाण्याआधी आपसांत तुकडे बदलतात, ते मी धरलेलेच नाही.

एवढी विविधता असूनही सुरुवात किती थोडक्यांपासून झाली पाहा. बिनवशिंडीची युरोपी गुरे सुमारे १०,५०० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाळली. २०१२च्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की त्या पहिल्या कळपात रानगाई होत्या जेमतेम ८०. वशिंडाची गुरे सिंधू खोऱ्याच्या बाजूला, नंतर आणि स्वतंत्रपणे माणसाळली.

दुसरा आकडा आपल्या जवळचा. १८८०च्या सुमारास दक्षिण मराठा मुलखातल्या संस्थानिकांनी कृष्णाकाठच्या चिकट काळ्या मातीत नांगर ओढेल असा दणकट बैल तयार करायला घेतला. ती कृष्णा खोरे जात. तिचे रक्त गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर अमेरिकेला गेले आणि त्यांतून ‘ब्राह्मण’ नावाची मांसाची जात घडली. १८५४ ते १९२६ या काळात तिकडे उतरलेली जनावरे सगळी मिळून २६६ वळू आणि २२ गाई. ब्राझीलमध्ये शतकभरात साधारण ७,००० जनावरे गेली. आज ब्राझीलमध्ये २४ कोटींच्या आसपास गुरे आहेत आणि त्यांतली बहुसंख्य वशिंडाची. २०१९च्या पशुगणनेत भारतातल्या गाई-बैलांची संख्या १९ कोटी ३५ लाख होती. माहेरापेक्षा सासर मोठे झाले.

तिथे ही गुरे उन्हाला आणि गोचिडांना पुरून उरली, पण खाणाऱ्यांची तक्रार राहिली की मांस चिवट आहे. कारण शोधले ते असे. जनावर मेल्यावर मांस काही दिवस थंडीत ठेवतात, तेव्हा कॅल्पेन नावाचे प्रथिन स्नायूंचे तंतू हळूहळू तोडते आणि मांस मऊ पडते. कॅल्पास्टॅटिन हे दुसरे प्रथिन त्याला आवर घालते. वशिंडाच्या गुरांत हा आवर जास्त. कॅल्पेनचे जनुक २९व्या गुणसूत्रावर, कॅल्पास्टॅटिनचे ७व्या. कॅल्पेनच्या ३१६व्या जागी एक अमिनो आम्ल बदलले की मऊपणात फरक पडतो, हे २००२ मध्ये कळले. पण तो मऊ प्रकार वशिंडाच्या गुरांत क्वचितच सापडतो; दोन्ही कुळांत चालेल अशी दुसरी खूण २००५ मध्ये मिळाली.

युरोपात याहून ठळक गोष्ट घडली होती. बेल्जियन ब्लू जातीच्या बैलांचे पुठ्ठे फुगून दुभंगल्यासारखे दिसतात. स्नायूंची वाढ रोखणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकातली ११ अक्षरे त्यांच्यात गळलेली आहेत, हे १९९७ मध्ये सिद्ध झाले. २७० कोटींतली ११. लगाम तुटला आणि मांस साधारण पाचव्या हिश्श्याने वाढले, तेही कमी चरबीचे. किंमत गाईने मोजली: वासरू एवढे दांडगे की सिझेरियन हा तिथला नित्याचा प्रकार. इटलीच्या पिएमोंतेज जातीत तर एकच अक्षर बदलून तोच लगाम सुटला. हा सौदा मला तरी पटत नाही.

पण ११ अक्षरांची गोष्ट अपवादाची. मांसाचा मऊपणा शेकडो ठिकाणच्या बारीकसारीक फरकांतून घडतो, आणि त्या सगळ्यांनी मिळून जनावराजनावरांतला एक चतुर्थांश ते एक तृतीयांश फरक समजतो. उरलेला फरक ठरतो तो चारा, वय, कापण्याआधीची धावपळ आणि मांस किती वेगाने थंड केले यांवर. २०१४ मध्ये २३४ वळूंचे संच वाचून २ कोटी ८३ लाख ठिकाणी फरक सापडले, म्हणजे सरासरी दर ९५ अक्षरांमागे एक. ते वळू होते होल्स्टीन, जर्सी, अँगस अशा युरोपी जातींचे, वशिंड एकालाही नाही. त्याआधी २००९ मध्ये सर्वप्रथम प्रसिद्ध झालेला संचही अमेरिकेतल्या डॉमिनेट या हेरफर्ड गाईचा. त्यासाठी २५ देशांतले ३००वर शास्त्रज्ञ राबले आणि जनुके निघाली सुमारे २२,०००.

महाराष्ट्रात एका अक्षराने मांसाचे गणित बदलले ते मेंढीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या चिमुकल्या गरोळ मेंढीतले जुळी देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणले आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. ‘ए’च्या जागी ‘जी’, बदल एवढाच. त्याची एक प्रत मेंढीत असली तरी जुळी होण्याचे प्रमाण चांगलेच वाढते. धनगराला कोकराच्या मऊपणाचे नव्हे, नगाचे पैसे मिळतात, तेव्हा निवड योग्यच.

बुलढाण्यात मांसाशी नाते उरते ते म्हशीचे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातली, अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातली भुऱ्या रंगाची पूर्णाथडी म्हैस आता नोंदणीकृत जात आहे. म्हशीला जोड्या २५. पाचच कमी, पण दर सेकंदाला एक रेडकू या हिशेबाने ३,६५० कोटी वर्षांचे काम ३ कोटी ५७ लाख वर्षांत आटोपते. २०२२-२३ मध्ये भारतातून म्हशीचे सुमारे पावणेबारा लाख टन मांस परदेशी गेले, २५,६४८ कोटी रुपयांचे. त्यातले बरेचसे दूध आटलेल्या म्हशींचे आणि हल्यांचे. जातीचा हल्या निवडताना मात्र आजही एकच गोष्ट विचारली जाते: याची माय दूध किती देत होती?