धोक्याची घंटा

चादरींसाठी प्रसिद्ध असलेल्या सोलापूरचे नाव ३१ डिसेंबर २०१३ रोजी विजेच्या इतिहासातही नोंदले गेले. त्या दिवशी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे विद्युत्-जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एका लयीत जोडले गेले. या साऱ्या जाळ्यात विजेची आवर्तने सेकंदाला सुमारे ५० होतात. तमिळनाडूत एखादे मोठे जनित्र अकस्मात बंद पडले, तर सोलापुरातील काटाही किंचित उतरतो.

या काट्यावर नियंत्रक नावाचे यंत्र अहोरात्र लक्ष ठेवते. परंतु धोका कशाला म्हणावे, हे त्याला उपजत कळत नाही. माणसालाच ते आधी सांगून ठेवावे लागते. समजा, आवर्तने ४९.९० च्या खाली जाताच घंटा वाजावी, असे अभियंत्याने ठरवले. आणि काटा नेमका ४९.८९ व ४९.९१ यांच्यामध्ये थरथरू लागला! मग घंटा क्षणोक्षणी वाजेल आणि 'लांडगा आला' अशी खोटी आरोळी ठोकणाऱ्या मुलासारखी तिची गत होईल. म्हणून तो आणखी दोन अटी घालतो. काटा दहा सेकंद खाली राहिला तरच घंटा वाजावी आणि तो ४९.९५ वर चढल्यावरच थांबावी.

मात्र हा अवधी फार वाढवणेही बरे नव्हे. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातील जाळे कोसळले, तेव्हा आगगाड्या जागीच थांबल्या, खाणींत कामगार अडकले. जाळे एकदा ढासळू लागले की सावरण्यास क्षणच मिळतात. अशा वेळी संरक्षक यंत्रे घंटेची वाट न पाहता काही भागांची वीज आपणहून तोडतात.