तारलीपुढे पापलेट काय चीज!

महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं. मान मोठा, भाव त्याहून मोठा. पण तब्येतीच्या निकषावर निवडणूक झाली असती, तर तारलीने पापलेटचं डिपॉझिट जप्त केलं असतं! ज्या ओमेगा-३ साठी लोक महागड्या कॅप्सूल गिळतात, ते तारली-बांगड्यात भरपूर असतं. मांदेलीसारखी बारकी मासळी तव्यावर कुरकुरीत झाली की काट्यासकट खाता येते, म्हणजे कॅल्शियमही त्याच ताटात.

बांगड्याचं मांस लालसर आणि पापलेटचं पांढरं का? बांगडा सतत पोहत असतो. राबणाऱ्या स्नायूंना ऑक्सिजन साठवायला मायोग्लोबिन लागतं आणि त्याचाच तो रंग. कोंबडीचंही तेच. दिवसभर चालते म्हणून तंगडी गडद, उडते क्वचितच म्हणून छाती पांढरी. छातीत चरबी कमी, त्यामुळे जरा जास्त शिजली की चोथा. डाएटवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं असलं तरी चवीला आमचं मत तंगडीलाच. कातडी काढली की चरबीचा मोठा वाटा गेलाच.

आता वासाचं बघू. समुद्री माशाच्या अंगात खाऱ्या पाण्याशी जुळवून घ्यायला एक संयुग असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात. हिवस वासाचं मूळ हेच. आम्लाशी गाठ पडली की ते हवेत उडेनासं होतं आणि नाकाची सुटका होते. आमसूल, चिंच, लिंबू, कैरी, काहीही चालतं. कोकणातल्या आज्यांना यातलं रसायनशास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण माशाला आंबट लावून ठेवायचं हे पक्कं ठाऊक होतं. त्यावर मालवण-गोव्याची खास भर म्हणजे तिरफळ. चिनी स्वयंपाकातल्या सिचुआन मिरीचा हा सख्खा नातलग, जिभेला तशाच मुंग्या आणणारा. बिया टाकायच्या, सालं जरा ठेचून कालवणात सोडायची. मान मात्र बांगडा, तारली, पेडव्यांचा. पापलेटच्या वाट्याला तिरफळ सहसा येत नाही, बिचारं!

माशाचं वजन पाणीच पेलतं, म्हणून त्याचे स्नायू आखूड आणि त्यांना बांधणारे पडदे नाजूक असतात. त्यामुळे तुकड्या काही मिनिटांत शिजतात. कालवणाला उकळी आल्यावरच त्या सोडायच्या आणि पळी लांब ठेवायची. पातेलंच धरून हलवायचं. आळशी माणसासाठी तर पाठारे प्रभूंचं भुजणं आहेच. लसूण, मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ आणि थोडं तेल माशाला हातानेच चोळायचं आणि पातेलं मंद आचेवर ठेवायचं. फोडणी नाही, परतणं नाही. वसई-विरारकडे भुजिंग मागाल तर मात्र वेगळंच ताट येईल. आगाशीची ही खासियत म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं चिकन आणि सोबत चक्क पोहे!

बोंबलाच्या अंगात पाणीच फार. म्हणून चिरून, फडक्यात गुंडाळून तो पाट्याखाली दाबतात. पाणी निथळलं की थोड्या तेलातही तव्यावर कुरकुरीत होतो. न दाबता टाकलात तर तव्यावर लगदा, वर घरच्यांची बोलणी.

आता पुन्हा कोंबडीकडे वळू. तिचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा. पण तिच्या पिवळ्या पायांचं आणि कातडीचं जनुक आलं राखी रानकोंबड्याकडून, असं २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. हा राखी कोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या जंगलात पहाटे बांग देणारा गडी. जगभरच्या पिवळ्या तंगड्यांत त्याचा वाटा आहे, आणि त्याचं श्रेय कोणी देत नाही.

कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा आठवतो, पण तिथल्या घरात लहान मुलांना आणि आजाऱ्यांना आधी मिळतो तो अळणी रस्सा. नाव अळणी, तरी त्यात मीठ असतं. हळद, आलं-लसूण घालून शिजवलेल्या कोंबडीचं ते पाणी. तिखट-मसाला नंतर, मोठ्यांच्या पातेल्यात. तेलाचा तवंग नसलेली इतकी हलकी वाटी डाएटच्या पुस्तकात शोधायला नको.

एक सवय मात्र सोडा. कच्चं चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओट्यावर, भांड्यांवर, कोशिंबिरीच्या काकडीवरही पोचतात. धुण्याने ते मरत नाहीत, शिजवण्याने मरतात. चिकन आतपर्यंत ७४ अंश सेल्सियसला पोचलं की काम झालं.

तेव्हा येत्या रविवारी पापलेटचा भाव ऐकून मागे फिरू नका. शेजारच्या पाटीतल्या तारल्या बघा. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोट दाबलं तर खड्डा न राहणाऱ्या. तशा दिसल्या तर किलोभर घ्या, आणि साफ करून द्यायला मावशींना तिथेच सांगा.