वाघ्याचा विमा

घरातल्या माणसांचा विमा, मोटारसायकलीचा विमा, सोयाबीनचा विमा, इथवर आमची मजल गेली होती. आता कुत्र्याच्या विम्याची पाळी आली आहे. पुण्यातल्या पुतण्याने आपल्या लॅब्रडॉरचा विमा काढला आणि लगेच 'काका, वाघ्याचाही काढून टाका, हप्ता मी भरतो' असा आग्रह धरला. ही गोष्ट शेजारच्या बापूंच्या कानावर गेली तेव्हा ते म्हणाले, "काय राजेहो, कुत्र्याचा बी इमा निंगते काय?"

निघतो. तो काढावा की नाही, एवढाच प्रश्न आहे. पण चिखलीत राहून त्याचे उत्तर काढायचे, तर पुण्याचा हिशेब इथे लावून चालत नाही.

जनावराचा विमा आमच्या बुलडाणा जिल्ह्याला नवा नाही. गाय-बैलाच्या कानात बिल्ला टोचायचा, डॉक्टरने किंमत ठरवून दाखला द्यायचा, जनावर मेले की पोस्टमार्टेम करून कागद पाठवायचे, ही पद्धत जुन्या शेतकऱ्यांना पाठ आहे. 'बिल्ला नाही तर क्लेम नाही' हा त्यातला पहिला नियम. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ साली बदल झाले आणि शेतकऱ्याचा वाटा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आला. उरलेले केंद्र व राज्य सरकार भरते. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्य सरकारने दगावलेल्या गायीमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये दिले. दर साथीत असे होईलच, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. बैल गेला की पेरणी अडते आणि दुसरा घ्यायला कर्ज काढावे लागते. तेव्हा बैलाचा विमा काढावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कुत्र्याचे गणित इथेच वेगळे पडते. सरकारी विमा कंपन्यांच्या जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत कुत्रा आजाराने वा अपघाताने मेला तर त्याची किंमत मिळते. वय आठ आठवड्यांपासून आठ वर्षांपर्यंत, लसीकरणाचा दाखला हवा, ओळखीच्या खुणा हव्यात. सारे ठीक; पण किंमत म्हणजे बाजारातली किंमत. आमचा वाघ्या गावठी. पाच वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात स्वतःच्या पायांनी अंगणात आला आणि राहिला. हप्ता शेकडा पाच धरा की दहा, शून्याचे पाच टक्के शून्यच! रात्री फाटक वाजले की तो भुंकतो, नातीला शाळेच्या रस्त्यापर्यंत सोडून येतो, याला कोणताही पशुवैद्य दाखल्यावर आकडा देणार नाही.

२०२० नंतर खासगी कंपन्यांनी दुसऱ्या तऱ्हेची पॉलिसी आणली. तीत शस्त्रक्रिया आणि दवाखान्यात भरती केल्याचा खर्च मिळतो. कुत्रा कोणाला चावला तर त्याची भरपाईही काही पॉलिसींत असते. ही पॉलिसी कामाची आहे, मात्र जिथे तसे दवाखाने आहेत तिथे. मुंबईत टाटांचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ साली सुरू झाले. पुण्यात मोडलेल्या हाडाची शस्त्रक्रिया करायची तर बिल हजारांत जाते. आमच्या सरकारी पशुचिकित्सालयात केसपेपरची फी नाममात्र, आणि मोठे काही निघाले तर अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत न्यायचे, शंभरेक किलोमीटर. तिथवर जाण्याचा गाडीखर्च पॉलिसी देत नाही. लस, जंताचे औषध, गोचिडांचे औषध हा जो खर्च खरोखर दरवर्षी होतो, तोही बहुधा तिच्याबाहेरच असतो.

मग आमच्याकडची कुत्री मरतात कशाने? पिल्लू असताना पार्व्हो आणि डिस्टेंपरने, पुढे गोचीडतापाने, हमरस्त्यावर ट्रकखाली, आणि पिसाळलेले दुसरे कुत्रे चावले तर रेबीजने. रेबीजची लक्षणे दिसू लागली की उपाय संपला. तिथे जगातली कोणतीही पॉलिसी कामाची नाही, आधी टोचलेली लस तेवढी कामाची. यादीतले निम्म्याहून अधिक रोग लसीने आणि वेळेवर गोचीड काढल्याने टळतात. म्हणून मी पुतण्याला सांगितले, "बाळा, हप्त्याचे पैसे पाठव, पण ते पोस्टाच्या खात्यात जातील. वाघ्याच्या नावाने वेगळे." त्यातून वर्षाची लस होते, औषधे होतात, उरलेले साठतात. त्याच्या लॅब्रडॉरचा विमा मात्र त्याने चालू ठेवावा, असेही सांगितले. फक्त न मिळणाऱ्या खर्चांची यादी आधी वाचावी. या जातीत कमरेच्या सांध्याचे दुखणे पिढीजात असते, आणि पिढीजात दुखणी वगळण्याकडे कंपन्यांचा कल असतो.

आता एक गोष्ट, जी या हिशेबात कुठेच बसत नाही. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या गावांत आणि घाटावरच्या धनगरांच्या वाड्यांवर कुत्रा हौसेने पाळलेला नसतो, तो कळपाच्या राखणीला असतो. बिबट्याला कुत्रे प्रिय. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला आणि शेळ्यांचा फक्त ११ टक्के. तरी त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. शेळी मारली गेली तर वनखाते पंचनामा करून बाजारभावाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या मर्यादेत, भरपाई देते. त्या यादीत गाय आहे, म्हैस आहे, बैल, शेळी, मेंढी आहे. शेळीच्या आधी जो मेला त्याचे नाव नाही.

धनगराला पॉलिसी विकायला कोणी एजंट वाड्यावर जाणार नाही, आणि त्याला ती परवडणारही नाही. पण राखणीच्या कुत्र्याच्या कानाला बिल्ला लावून त्याला त्याच्या कळपाबरोबर पशुधनात धरायला काय हरकत आहे? दहा शेळ्या-मेंढ्या म्हणजे एक मोठे जनावर असा हिशेब सरकार पशुधन विम्यात आजही करते. त्यात आणखी एक ओळ वाढेल. निदान लस तरी वाड्यावर जाऊन टोचावी. शेळ्यांना पीपीआरची लस द्यायला पशुसंवर्धन खात्याचा माणूस त्या वाटेने जातोच.